चार वाजल्यानंतर आंद्रुलाकडे

दोहा, अल सद्द
शुक्रवार, २२ ऑक्टोबर २००४

प्रिय मेलिसा, माझे बाय,

हे पत्र मराठीत पाहून तू आधी कपाळाला हात लावशील. "मम्मी, इंग्लिशमध्ये लिहायला काय झालं?" हे तुझं वाक्य मला इथे बसून ऐकू येतंय. पण सिस्टर्सनी शिकवलेलं माझं इंग्रजी फार शहाण्यासारखं वागतं गं. त्यात मला रजेचा अर्ज लिहिता येतो, मनातलं लिहिता येत नाही. शिवाय हा कागद मारिओसच्या हाती लागला तरी त्याला तो वाचता येऊ नये असंही मला वाटतं. वसईला आत्याकडे राहून कॉलेज केलंस, तेव्हा दुकानांच्या पाट्या वाचत वाचत तू मराठी शिकलीस. तसंच हे वाच, अक्षरं जोडत, सावकाश. आणि वाचताना पाय वर घेऊन बस. पायांवर सूज कितपत आहे? बोटाने दाबल्यावर खड्डा पडतो का, हे मी फोनवर विचारलं होतं, त्याचं उत्तर तू दिलं नाहीस.

तुझी ई-मेल डॅडींनी ऑफिसात प्रिंट काढून आणली, त्याला आज अकरा दिवस झाले. डॉक्टरांनी चोवीस नोव्हेंबर तारीख दिलीय, मम्मी, तू पंधरापर्यंत ये, असं तू लिहिलंस. त्याआधी मी मारिओसला एक मेल लिहावी, कारण तो माझं ऐकतो. त्याला सांगावं की पहिले चाळीस दिवस त्याच्या आईने तुमच्या घरात पाऊल टाकायचं नाही. "मला माझ्या बाळाजवळ तो धूर नको आणि ती थुंकी नको. मी क्लिनिकमध्ये पडले होते तेव्हा ती एकदाही आली नाही, आता कशाला?" हे शेवटचं वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की कागद घडीवर विरायला आलाय. फोनवर तू तीनदा विचारलंस, लिहिलंस का त्याला? तिन्ही वेळा मी सांगितलं की कार्ड संपत आलंय. कार्ड संपत आलेलं नव्हतं.

इथे रोजे सुरू आहेत. दुपारभर अल सद्द सुनं असतं आणि संध्याकाळी सगळा गाव एकदम जागा होतो. शेजारच्या ताहेरुन्निसाबाई रोज इफ्तारच्या आधी झाकलेली ताटली पाठवतात. काल स्वतःच घेऊन आल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जुडिथबाय, रोजा आम्ही धरलाय आणि तोंड तुमचं सुकलंय!" मी हसले. त्यांना काय सांगू? सेंटरवर बाळांना लस टोचताना मी हल्ली कुपीवरचं नाव दोनदा नाही, चारदा वाचते. बावीस वर्षं हेच काम केलं, कधी अडले नाही. परवा अडले. बाळाच्या आईला दिसू नये म्हणून मी कापूस शोधायचं नाटक केलं.

पण मी तुला दुसरंच काही सांगायला बसले होते. ऑगस्टमध्ये सेंटरवर एक बाई आली, डेस्पिना नावाची. नवरा बांधकाम कंपनीत इंजिनियर, तीन महिन्यांची मुलगी. कार्डावर पाहिलं तर लारनाका, तुझ्याच सासरचं गाव. माझा जीव असा काही हलला! मी तिच्या मुलीला टोचलं, उचलून घेतलं आणि म्हणाले, काय गुबगुबीत आहे गं, किती गोड. आणि इथल्या सवयीने लगेच 'माशाल्ला' म्हणाले. तुला माहीत आहे, इथल्या बायकांच्या बाळाचं कौतुक करून 'माशाल्ला' म्हटलं नाही तर दृष्टीच्या भीतीने त्यांचा चेहरा उतरतो. माझ्या पहिल्याच वर्षी एकीने तर बाळ माझ्या हातातून ओढून घेतलं होतं. तेव्हापासून तो शब्द माझ्या जिभेवर बसलाय. डेस्पिना हसली, म्हणाली, सिस्टर, आमच्याकडे ते पुरत नाही. आणि तिने स्वतःच वाकून आपल्या मुलीच्या तोंडावर थुंकल्यासारखं केलं, फ्तू, फ्तू, फ्तू. मेलिसा, मी हातातला ट्रे खाली ठेवला.

त्यानंतर आम्ही तीन शुक्रवार तिच्याकडे गेलो. समैस्माला समुद्राजवळ कंपनीने त्यांना व्हिला दिलाय. डॅडींना सांगितलं की मला पोरीच्या सासरचे रीतिरिवाज शिकायचेत. ते म्हणाले, "लग्नाला दोन वर्षं उलटल्यावर? आता परीक्षा कोण घेणार तुझी?" पण गाडी काढली. पहिल्याच दिवशी डेस्पिनाने कॉफी विचारली आणि हे म्हणाले, नको, मला ॲसिडिटी आहे. मी टेबलाखालून पाय दिला. कारण तिने आधीच सांगितलं होतं, घरी आलेल्याने कॉफी नाकारली की घरातल्यांना वाटतं, हा आपल्यावर काहीतरी राग धरून आलाय. मग यांनी ती कडू जहर छोट्या कपातली कॉफी प्यायली, खालचा गाळसुद्धा, आणि येताना गाडीत मला म्हणाले, "तुझ्या पोरीच्या संसारासाठी मी चिखल खाल्ला, लिहून ठेव."

मी खरंच लिहून ठेवलंय, लसीकरणाच्या जुन्या रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानांवर. तुला यातलं बरंच ठाऊक असेल, तरी सांगते. कॉफी मागताना साखर किती ते आधीच सांगायचं, कारण ती पाण्याबरोबरच उकळते. मध्यम गोड म्हणजे 'मेत्रियो'. कॉफीबरोबर येणारं गार पाणी शोभेचं नसतं. बशीत एकच अक्रोड नाहीतर संत्र्याची साल पाकात घालून देतात, ती आधी खायची, घरच्या बाईला आरोग्य चिंतायचं आणि मग पाणी प्यायचं. कुणाच्या अंगणावरून जाताना ती माणसं जेवत असली तर 'कोपियास्ते' म्हणतात, या बसा. खरोखर बसलं नाही तरी चालतं, पण थांबून दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जायचं नाही. कुणाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही. पाच बोटं पसरून पंजा कुणाच्या तोंडासमोर धरायचा नाही, ती त्यांची शिवी आहे. तू लहानपणापासून तसाच हात हलवून टाटा करतेस, म्हणून मला धास्ती. वाढदिवसापेक्षा त्यांच्यात नावाच्या संताचा दिवस मोठा. त्या दिवशी आमंत्रण नसतं, माणसं नुसती येतात आणि घर उघडं ठेवावं लागतं. आणि दुपारी दोन ते चार कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, फोनसुद्धा करायचा नाही. ती झोपेची वेळ. शेजाऱ्याला उठवणं म्हणजे जवळजवळ पाप.

मान वर करून जिभेने 'च्च' केलं की ते 'नाही' असतं, हे मात्र आपण मारिओसकडूनच शिकलो. आठवतं? तुझ्या ऑफिसातला तो उंच मुलगा पहिल्यांदा आपल्याकडे जेवायला आला होता. मी विचारलं, भात वाढू? त्याने हनुवटी वर केली. मला वाटलं, 'काय?' म्हणतोय. मी पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा केली. तिसऱ्यांदा मी मोठ्याने विचारलं तेव्हा डॅडी मराठीत म्हणाले, "अगं, पोराला ऐकू कमी येतं की काय? चांगली चौकशी करून घ्या आधी!" तू हसता हसता ठसका लागून उठून गेलीस. त्या बिचाऱ्याला तीन डाव भात खावा लागला. त्या दिवसाइतकी हलकी मी नंतर कधी झाले नाही, बाय. तू हसत होतीस आणि मला तुझ्या दूर जाण्याची अजून कल्पना नव्हती.

आता ज्या पानाशी मी रोज अडते त्या पानाशी येते. तुला धूर नको आणि थुंकी नको. हे तू कुठे शिकलीस? माझ्याकडे.

माझी आई, तुझी वसईची आजी, मीठ आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊन आमच्यावरून उतरायची आणि चुलीत टाकायची. मिरची जळून ठसका लागला नाही तर म्हणायची, पाहिलंस, किती दृष्ट होती. झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेलं पान ती वेदीवरच्या क्रुसामागे खोचून ठेवायची आणि वीज कडाडली की त्याचा तुकडा निखाऱ्यावर धरायची. मी कॉन्व्हेंटमधून घरी यायचे ती नाक वर करून. सिस्टरने सांगितलं होतं, हे अडाण्यांचे प्रकार, शिकलेल्या मुलीने करू नयेत. तुझा जन्म झाला तेव्हा आईने तुझ्या मनगटाला काळा मणी बांधला. मी नर्स झालेली. तो सोडून तिच्या हातात परत दिला आणि म्हणाले, मम्मी, यात जंतू साठतात. मणी पदराच्या टोकाला बांधून ठेवला तिने. माझ्या आईला मी आयुष्यात एकदाही उलट बोलले नाही असं मी सगळ्यांना सांगत आले. आणि तो पदर मला विसरता येत नाही.

मग तुझं लग्न. लारनाकात आपलं असं घर नव्हतं, म्हणून तुझी तयारी तुझ्या सासूच्या, आंद्रुलाच्याच घरात झाली आणि मारिओसला चुलत्याकडे पाठवलं. अंगणात लिंबाचं झाड, दारात व्हायोलिनवाला. एकेक जण येऊन तुझ्या कमरेला लाल ओढणी तीनदा टेकवून जात होता, चांदीच्या धूपदानात दृष्ट काढायला ऑलिव्हची पानं जळत होती. डॅडींनी ते धूपदान तुझ्या डोक्याभोवती फिरवलं. मीही फिरवलं, पण नाकातून श्वास न घेता. मला ते सगळं नाटक वाटत होतं. शेवटी आंद्रुला धावत आली, मुलाला तयार करून, केसातल्या पिना अर्ध्याच लागलेल्या. तुला पाहून उभीच राहिली. डोळे भरले तिचे. ग्रीकमध्ये काहीतरी म्हणाली, दोन्ही हात तुझ्या खांद्यांवर ठेवले आणि केलं, फ्तू, फ्तू, फ्तू. तिसऱ्या वेळी एक थेंब तुझ्या डाव्या गालावर पडला.

आणि मी पुढे झाले. पर्समधून कोलनचा वास असलेला रुमाल काढला आणि तुझा गाल पुसला. पावडरसकट. वीसेक माणसांसमोर.

माझ्या हाताने विचार केला नाही, मेलिसा. तो आयुष्यभर तेच करत आला होता. पण पुसून झाल्यावर मी तो रुमाल घडी घालून परत पर्समध्ये ठेवला, तो विचार करूनच. आंद्रुलाचे हात तुझ्या खांद्यांवरून खाली आले. ती एक पाऊल मागे सरली आणि आपल्याच घरात पाहुण्यासारखी भिंतीला टेकून उभी राहिली. व्हायोलिन वाजत होतं. तू आरशातून माझ्याकडे पाहून हलकंसं हसलीस, थँक यू मम्मी असं. ते हसू तेव्हा मला बक्षीस वाटलं.

त्यानंतर फोनवर तू किती वेळा म्हणालीस, तिला माझं काहीच आवडत नाही. केस कापले, एक शब्द नाही. ग्रीक शिकून तिच्याशी पहिलं पूर्ण वाक्य बोललीस, तिने नुसती मान हलवली. घर लावलंस, ती चहूकडे बघून ओठ मिटून बसली. मी म्हणायचे, असू दे गं, काही माणसं कोरडीच असतात. मी तुझी समजूत घालत होते असं मला वाटायचं. खरं म्हणजे मला ते ऐकायला बरं वाटत होतं. सासू कोरडी असली की आई ओली राहते.

तिसऱ्या शुक्रवारी मी डेस्पिनाला रुमालाचं सांगितलं. डॅडी बाहेर तिच्या नवऱ्याबरोबर समुद्राकडे गेले होते. ती मुलीला पाजत होती. ऐकून हसेल असं वाटलं होतं, पण तिने मुलीला खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "सिस्टर, त्या दिवसानंतर तुमच्या मुलीचं तिने कधी कौतुक केलंय का?" मी म्हटलं, कधीच नाही, हेच तर पोरीचं दुःख आहे. तर म्हणाली, "कसं करणार? ती जुन्या वळणाची बाई. सुंदर म्हटलं आणि फ्तू केलं नाही, तर तिचीच दृष्ट लागायची. आणि फ्तू करायची तर तुम्ही तिला बंदी केलीत. मग ती बिचारी तोंड मिटून बसते. तिचं तोंड मिटलेलं आहे म्हणजे तुमची मुलगी तिला सुंदर दिसते आहे."

मी सेंटरवर परक्या बायकांच्या बाळांना बावीस वर्षं 'माशाल्ला' म्हणत आले. त्यांची समजूत मी कधी रुमालाने पुसली नाही. का, तर तिथे माझी नोकरी होती. आणि जिच्या पदरात माझी एकुलती एक मुलगी घातली तिच्या बाबतीत मात्र मला कॉन्व्हेंट आठवलं. येताना मी गाडीत खिडकीबाहेर बघत बसले. डॅडींनी दोनदा विचारलं, "चिखल जास्त झाला का आज?"

मेलिसा, मी हे सगळं इतकं लांबवलं, कारण पुढचं लिहिण्याची मला भीती वाटतेय. अकरा दिवस मी तुझ्या त्या एका ओळीभोवती फिरतेय. माळ घेऊन बसते आणि कितवा मणी ते विसरते. हे फादरना सांगून मोकळं होता येईल असं वाटलं होतं. गेल्या शुक्रवारी मिस्सानंतर सांगितलंही. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हे ज्यांना सांगायला हवं त्यांना सांगितलंत का?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मग मी काय करू?

गेल्या वर्षी फेब्रुवारीत तुझं पाचव्या महिन्यातलं बाळ गेलं. इथे युद्धाच्या बातम्या रोज टीव्हीवर, विमानं चालू राहतील की नाही कुणी सांगत नव्हतं, तरी मी दहा दिवसांची रजा घेऊन पोहोचले. तुला क्लिनिकच्या त्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली पाहिलं. तू जेवत नव्हतीस, रडत नव्हतीस. मारिओस सकाळी कामावर जायचा आणि दिवसभर मी तुझ्याजवळ असायचे. दारापाशीची खुर्ची माझी होती.

ती आली होती, बाय. आंद्रुला आली होती. एकदा नाही, तीन दिवस, रोज. दुपारी कॉरिडॉर रिकामा असताना, ज्या वेळी त्यांच्यात कुणी घराबाहेर पडत नाही त्या वेळी, बस पकडून. काळे कपडे, हातात कापडी पिशवी, तोंड बांधलेली. पहिल्या दिवशी तिने तिच्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, "स्लीप? शी स्लीप?" तू जागी होतीस. भिंतीवरचा डाग नखाने खरवडत होतीस, तो आवाज मला दारात ऐकू येत होता. आणि मी होय म्हणाले. दोन्ही हात जोडून गालाला लावले, मान कलती केली, जसं लहान मुलांना दाखवतात तसं. झोपलीय. ती खूप वेळ उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही मी तेच केलं. तिसऱ्या दिवशी तिने विचारलंसुद्धा नाही, मी दिसताच तिनेच हात गालाला लावून माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. मग ती पिशवी उराशी धरून गेली. त्या पिशवीतून ऑलिव्हच्या पानांचा वास येत होता. तो वास मला तेव्हाही कळला होता. मी तुला सांगितलं नाही. तू त्या रात्री विचारलंस, मारिओसची आई आली नाही का गं? आणि मी तुझ्या कपाळावरून हात फिरवत म्हणाले, मी आहे ना.

तिने हे मारिओसलासुद्धा सांगितलेलं नाही, हे तुझ्या ई-मेलवरून मला कळतं. मुलाजवळ एक शब्द बोलली असती तर मी दोघांच्या नजरेतून उतरले असते. पावणेदोन वर्षं ती तुझा राग सोसतेय आणि माझं नाव झाकून ठेवतेय. मुलीची आई दारात बसलीय, तिचा हक्क पहिला, असं तिने मानलं असेल. आणि मी तो हक्क कसा वापरला?

का केलंस असं विचारशील. मला वाटलं, ती आत आली आणि तू तिच्या गळ्यात पडून रडलीस तर? माझ्याजवळ तू रडत नव्हतीस. एवढंच. दुसरं कारण शोधण्यात मी अकरा दिवस घालवले, सापडलं नाही. माझ्या पुसण्यामुळे ते बाळ गेलं असं मी म्हणणार नाही, मी नर्स आहे, मला ठाऊक आहे ते कशाने गेलं. पण तुझं दुःख वाटून घ्यायला आलेलं माणूस मी परत पाठवलं. ते कुणाच्या दृष्टीने नाही झालं, ते मी केलं.

म्हणून मारिओसला मी मेल लिहिणार नाही. हे पत्र डेस्पिना मंगळवारी नेतेय, लारनाकाला ती स्वतः तुझ्या हातात देईल. त्याबरोबर आत्याने वसईहून पाठवलेल्या सुकेळीची दोन पुडकी आहेत. लग्नाला आपण नेली होती ती आंद्रुलाने काचेच्या बशीत एकेक ठेवून पाहुण्यांना चमच्याने दिली होती, आठवतं? त्यातलं एक तुझं आणि एक तिचं. वाचून झालं की माझ्यावर हवी तेवढी रागाव. पंधराला मी यायचं की नाही, ते तू ठरव, तू म्हणशील तेव्हा येईन आणि म्हणशील तिथे बसेन, दारातली खुर्ची सोडून कुठेही. पण आधी तिच्याकडे जा. दोन ते चार जाऊ नकोस, तेव्हा ती झोपलेली असते, खरोखर झोपलेली. चार वाजल्यानंतर जा. रिकाम्या हाताने जाऊ नकोस, कॉफी विचारली तर नको म्हणू नकोस, मेत्रियो सांग आणि तिला सांग की तू त्या तिन्ही दुपारी जागी होतीस. मम्मीने कबूल केलंय म्हण. पिशवीत असेल ते तिला काढू दे, खिडक्या उघडू नकोस. आणि मग ती तुझ्याजवळ येईल, तुझ्या तोंडाकडे, पोटाकडे बघून तिला जे इतके दिवस म्हणायचं होतं ते म्हणेल आणि करेल, तीनदा. एखादा थेंब गालावर पडेल. तो पुसू नकोस, बाय. आपोआप सुकू दे.

तुझीच, बोलणं टाकलंस तरी तुझीच,
मम्मी